कोडावर उपचार चालू आहेत, पण मनाचं काय?

चिंचगुळ :
नमस्कार मंडळी. एरवी इथे फक्त वाचते, पण आज विचारायचंच आहे.
माझी भाची (नणंदेची मुलगी) पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीनंतरच्या सुट्टीत ओठाच्या कडेला पांढरा डाग दिसला, मग पापणीवर आला, मग बोटांच्या टोकांवर. डॉक्टरांनी वूड्स लॅम्पखाली बघून कोड असल्याचं सांगितलं. टॅक्रोलिमस मलम चालू आहे आणि आठवड्यातून दोनदा लाइट थेरपी. उपचारांबद्दल माझी काही तक्रार नाही, पापणीवरचा डाग भरत पण आलाय.
प्रश्न पोरीचा आहे. आधी ढोलपथकात होती, सोडलं. मेसमध्ये जेवायला जात नाही, डबा रूमवर मागवते, का तर घास घेताना बोटं दिसतात. व्हिडिओ कॉल केला तर कट करते आणि साधा फोन लावते. मध्ये सांगलीला आली होती तेव्हा रात्री आरशासमोर मोबाईलचा टॉर्च लावून एकेक डाग बघत बसली होती, मी खोलीत गेले तर एकदम दचकली.
मी वन्सना म्हटलं की एखाद्या मानसोपचारवाल्यांना दाखवूया. तर त्या म्हणाल्या, "डाग गेले की मन आपोआप ताळ्यावर येईल, आधीच पुढे लग्नाचं अवघड, त्यात वेडाच्या डॉक्टरचा शिक्का कशाला?" त्यांचं पण अगदीच चूक आहे असं म्हणवत नाही, आई आहेत. पण मला ते पटत नाहीये. तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का? डाग जायची वाट बघावी की आत्ताच कोणाकडे न्यावं?

पावशेर :
या धाग्यावर आता पन्नास घरगुती उपाय येणार. मी फक्त हजेरी लावून जातो.

आजोबा_ठाणेकर :
ताई, बावचीचं तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवा. आंबट पूर्ण बंद. दूध आणि मासे एका जेवणात खाल्ल्याने हे होतं असं आमच्या आई सांगायच्या. मनाचं काही नसतं, पोटाचं असतं सगळं.

पावशेर :
बघा, बोललो नव्हतो? ४९ बाकी.

कोलंबी_भात :
आजोबा, रागावू नका, पण बंगालात दही घालून मासे करतात, रोज खातात. तुमचं खरं असतं तर अख्खं कोलकाता आतापर्यंत पांढरंशुभ्र झालं असतं. आणि आंबट बंद करून आमच्या मालवणातला माणूस जगेल कसा ते पण सांगा.

त्वचेचा_वैद्य :
आलोच. (त्वचारोगतज्ज्ञ आहे, पण इथे पेशंट तपासत नाही, तेव्हा भाचीच्या डॉक्टरांचंच ऐका.)
कोड हा ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे आपल्याच शरीरातल्या टी पेशी रंग तयार करणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींवर हल्ला करतात. जगात साधारण अर्धा ते दोन टक्के लोकांना असतो. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, कपडे वापरल्याने होत नाही. महारोगाशी काडीचा संबंध नाही. तिथे चट्ट्याची संवेदना जाते, इथे टोचलं तर व्यवस्थित कळतं. दूध-मासे किंवा आंबट याने होतं याला पुरावा नाही, उगाच पोरांची लिंबं-संत्री बंद करू नका.
बावचीबद्दल आजोबांना अर्धे मार्क. तिच्यात सोरालेन (कातडी उजेडाला हळवी करणारं द्रव्य) असतं, आणि सोरालेन देऊन मग अतिनील किरण द्यायचे हा पुवा उपचार आम्ही वर्षानुवर्षं वापरला. पण घरी तेल चोपडून उन्हात बसलेले लोक माझ्याकडे हातभर फोड घेऊन येतात. तिथे किती तेल आणि किती ऊन हे कोण मोजणार? आणि भाजलेल्या जागी नवा डाग उठू शकतो ते वेगळंच.
आता मूळ प्रश्नाकडे. "डाग गेले की" यातच मेख आहे. डाग भरताना नवा रंग येतो तो बहुतेक करून केसांच्या मुळाशी असलेल्या पेशींच्या साठ्यातून, म्हणून आधी छोटे छोटे ठिपके दिसतात आणि मग ते एकमेकांना मिळतात. चेहरा, मान चांगली भरते. बोटांची टोकं आणि ओठ इथे केसच नाहीत, त्यामुळे ते भयंकर चिवट. म्हणजे तुमच्या भाचीला ज्या दोन जागांचा त्रास आहे त्याच सगळ्यात शेवटी भरणार, किंवा पूर्ण भरणारही नाहीत. वन्स ज्या दिवसाची वाट बघतायत त्याची खात्री कोणताही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही.
थायरॉइड तपासलं नसेल तर तपासून घ्या, कोडासोबत बऱ्याचदा तेही निघतं. आणि थायरॉइड कमी असेल तर उदासपणा, थकवा त्यानेही वाढतो.

चिंचगुळ :
डॉक्टर धन्यवाद. टोकांचं हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. थायरॉइडचं विचारते.

कुंभार्ली_घाट :
मी चिपळूणकडचा, शाळेत शिक्षक, पन्नाशी उलटली. सातवीत असताना गुडघ्यावर पहिला डाग आला, आज दोन्ही हात कोपरापर्यंत, पाय, तोंडाभोवती सगळं पांढरं आहे. त्या काळी आईने कुठे कुठे नेलं विचारू नका. रेल्वेच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती वाचून कुठल्या कुठल्या वैद्याकडे गेलो, बापाची म्हैस विकली गेली त्यात. एकाने तर असलं काही लावायला दिलं की पाय महिनाभर टेकवता येईना.
डागांचा त्रास असा काहीच नसतो हो, दुखत नाही खुपत नाही. त्रास माणसांचा. हॉटेलात गल्ल्यावर सुटे पैसे हातात न देता टेबलावर ठेवायचे. एसटीत शेजारची सीट रिकामी राहायची, तेव्हा वाईट वाटायचं, आता म्हणतो बरंय, पाय पसरून बसता येतं :)
तिशीत सगळे उपचार बंद केले. एक दिवस ठरवलं की बस्स. नव्या वर्गावर पहिल्या तासाला मी स्वतःच हात वर करून दाखवतो, म्हणतो याला कोड म्हणतात, लागत नाही, ज्याला बघायचंय त्याने आत्ता बघून घ्या, उद्यापासून बीजगणित. पाच मिनिटांत विषय संपतो. भाचीला सांगा, लपवणं सोडलं की अर्धं ओझं उतरतं.

स्पष्टवक्ती :
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे "स्वीकारा, लपवू नका" ऐकून ऐकून मला आता मळमळतं. मला हनुवटी आणि मानेवर कोड आहे. मी रोज कॅमोफ्लाज मेकअप करते. ऑफिसात कोणाला माहीत नाही आणि मला ते माहीत करून द्यायचंही नाही. यात कमीपणा काय? केस पांढरे झाले की अर्धा महाराष्ट्र काळा करतो, त्यांना कोणी आत्मस्वीकृतीचं प्रवचन देत नाही.
तुम्ही पुरुष आहात, कायमची नोकरी आहे, लग्न झालंय. २० वर्षांच्या मुलीला वर्गासमोर हात वर करायला सांगणं सोपं आहे.
आणि दुसरं, उपचार सोडून द्या हा संदेश पण जाऊ नये. १९९० ला जे होतं आणि आज जे आहे त्यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

कुंभार्ली_घाट :
ताई, उपचार सोडा असं मी म्हटलं नाही, मी सोडले एवढंच म्हटलं. आणि लग्न काय सहज झालं असं वाटतं का तुम्हाला? तो स्वतंत्र धागा होईल. पण मुलींचं जास्त कठीण हे मान्यच, माझ्या बहिणीला एवढासा डाग होता तर स्थळं पायरीवरून परत गेली.

पावशेर :
स्पष्टवक्ती यांना +१. माझी दाढी पण रंगवलेली आहे, कृपया प्रवचन नको.

मृगजळ :
मला कोड नाही, सोरायसिस आहे, पण वन्सच्या "आपोआप" वर बोलायलाच हवं म्हणून लॉगिन केलं.
अठराव्या वर्षापासून होता. डोकं, कोपर, पाठ, पोट. काळा शर्ट घालायचा नाही कारण खांद्यावर सगळं पीठ पडतं. सलूनवाल्याने एकदा अर्ध्यात कंगवा ठेवून दिला, म्हणाला साहेब दुसरीकडे बघा, दुकानात गिऱ्हाईकं होती सगळी. त्यानंतर केस घरीच मशीनने. लोकांना वाटतं खाज आणि खपल्या हाच आजार, पण मला आठवतं ते चादर झटकणं, कोणाकडे मुक्काम केला की सकाळी सगळ्यांच्या आधी उठून आपली गादी झाडायची.
नंतर नेदरलँड्सला आलो, इथे मेथोट्रेक्सेट झालं, मग बायोलॉजिक इंजेक्शन सुरू झालं आणि काही महिन्यांत कातडी जवळजवळ साफ. म्हणजे अक्षरशः स्वप्न होतं ते. आणि झालं काय? पुढचा पूर्ण उन्हाळा मी फुल बाह्यांचे शर्टच घालत होतो!! पोहायला कोणी बोलावलं की आपसूक तोंडातून थाप यायची की सर्दी झालीये. बायको म्हणाली अरे आता काय लपवतोयस, काहीच नाहीये तिथे. कातडी बरी झाली होती, सवय नव्हती झाली. शेवटी इथल्या सायकॉलॉजिस्टकडे गेलो तेव्हा कुठे हाफ बाह्या घातल्या.
तर चिंचगुळ ताई, डाग गेले तरी मन मागोमाग येतंच असं नाही. माझं नाही आलं.

त्वचेचा_वैद्य :
मृगजळ, हे तुम्ही फार बरं लिहिलंत.
वाचणाऱ्यांसाठी एक जीव वाचवणारी सूचना: सोरायसिसमध्ये मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतल्याने लोक दगावलेत. आईबाबांच्या डब्यात ती गोळी असेल तर वार ठरवून द्या आणि आज रात्रीच चिठ्ठी पुन्हा वाचा.

कोलंबी_भात :
बाबांची चिठ्ठी बघितली. दर रविवारी लिहिलंय आणि तसंच घेतायत. जीव भांड्यात पडला.

रेवाकाठ :
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नाशिकला काम करते. त्वचेचे पेशंट माझ्याकडे फार उशिरा येतात, बहुतेक वेळा झोप उडाली किंवा परीक्षा बुडाली की मग.
चिंचगुळ, तुम्ही जे लिहिलंय त्यात तीन गोष्टी मला ओळखीच्या वाटल्या. मेस टाळणं, कॅमेरा टाळणं आणि टॉर्च लावून तपासणं. टाळलं की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच घात करतं, कारण मनात पक्कं बसतं की मेसला गेले असते तर काहीतरी भयंकर झालं असतं. मग मेसनंतर कँटीन सुटतं, मग लेक्चर. आरशाचं पण तेच, जितकं जास्त बघाल तितका डाग मोठा वाटतो.
यावर आम्ही सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची मानसोपचाराची पद्धत) वापरतो. सीबीटी म्हणजे समुपदेशकाने धीर देणं नव्हे. त्यात आम्ही पायऱ्या पाडतो. आधी एका मैत्रिणीबरोबर गर्दी नसताना मेस, मग गर्दीत, मग अनोळखी टेबलावर. प्रत्येक वेळी आधी लिहायचं की काय होईल असं वाटतंय, आणि नंतर लिहायचं की खरंच काय झालं. आरशाला वेळ ठरवून द्यायची. आणि कोणी "हे काय झालंय गं?" विचारलं तर एका वाक्याचं उत्तर तोंडपाठ करून ठेवायचं, कारण बहुतेकांची भीती प्रश्नापेक्षा उत्तर न सुचण्याची असते. कुंभार्ली सरांनी वर्गात जे केलं ते हेच आहे, फक्त त्यांनी ते स्वतः शोधलं.
स्पष्टवक्ती, मेकअपबद्दल: मेकअप करून तुम्ही बाहेर पडत असाल तर उत्तम. मेकअप नाही म्हणून दाराशी आलेला पाहुणा बघून आत लपत असाल तर मात्र बोलायला हवं. कुठल्या बाजूला आहात ते तुमचं तुम्हाला माहीत.

स्पष्टवक्ती :
हम्म. कुरिअरवाला आला की ओढणी मानेला गुंडाळते. विचार करते यावर.

गुलकंद :
अवांतर, पण माझ्या मावशीच्या कपाळावर बरोब्बर टिकलीच्या जागी गोल पांढरा डाग आला होता. ते पण कोडच का?

त्वचेचा_वैद्य :
बरेचदा ते रसायनाने आलेलं असतं. चिकट टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल नावाचं रसायन असू शकतं, ते रंगपेशी मारतं. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असेच डाग येतात. टिकली ताबडतोब बंद, कुंकू लावायचं तरी आधी डॉक्टरना विचारून. लवकर थांबवलं तर रंग परत येण्याची शक्यता बरी असते, पण काहींना तिथून खरं कोड सुरू होतं म्हणून दाखवून घ्या.
आणि अवांतर चाललंच आहे तर, केमिस्टकडून गोरं होण्याचं मलम आणून तोंडाला लावणाऱ्यांनो, त्यातल्या कित्येकांत मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं. चेहरा लाल, पातळ, केसाळ होतो आणि मलम सोडलं की आग आग. ही स्टेरॉइड मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. मिळतात, ते सोडा. या पोरी माझ्या ओपीडीत रडतात त्या कोडवाल्यांपेक्षा कमी नाहीत.

पावशेर :
म्हणजे गोऱ्याला काळं व्हायचंय, काळ्याला गोरं व्हायचंय आणि डॉक्टरला तुम्हा दोघांनाही जसे आहात तसं करायचंय.

वाचनमात्र :
पहिल्यांदाच लिहितोय, चुका पोटात घाला.
माझ्या आईला कंबरेवर कोड होतं. आजोबांनी लग्नाआधी सांगितलं नाही. लग्नानंतर आजीला (बाबांच्या आईला) कळलं आणि त्यानंतर आईला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, जे टाकू दिलं ते सोळा-सतरा वर्षांनी, आजी स्वतः अंथरुणाला खिळली तेव्हा. तेव्हा मात्र आईच्या हातची पेज चालली. आई त्या काळात विहिरीकाठी जाऊन बसायची, मी लहान होतो, मला वाटायचं पाणी बघायला जाते. डाग साडीत झाकलेला होता, आयुष्यात बाहेरच्या कोणी बघितलाही नसेल. म्हणून डाग केवढा आहे यावरून त्रास मोजू नका एवढंच सांगायचंय.

चिंचगुळ :
वाचनमात्र, काय बोलू. नमस्कार सांगा आईंना.

काळा_कोट :
लग्नाचा विषय निघालाच आहे म्हणून. वकील आहे, कौटुंबिक न्यायालयात उभी राहते. दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात. महारोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होतं, ते २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकलं. कोड त्या यादीत कधी नव्हतंच. पण कलम १२ मध्ये, महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणुकीने संमती मिळवली असं म्हणून लग्न रद्द करा असा अर्ज करता येतो, फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत. तो टिकेल न टिकेल पुढची गोष्ट, पण मुलीला कोर्टात उभं राहून स्वतःच्या कातडीबद्दल उलटतपासणी द्यावी लागते, ती मी बघितलीय. म्हणून सांगते, लग्न ठरायच्या आधी सरळ सांगा आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिखित राहू द्या. "आमच्या मुलीला कोड आहे, उपचार चालू आहेत." निळ्या खुणा आल्या की स्क्रीनशॉट.
आणि कुंभार्ली सर, त्या जाहिराती बेकायदेशीर आहेत. १९५४ चा चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा केंद्राचा कायदा आहे, ज्या आजारांवर इलाजाचा दावा जाहिरातीत करायचा नाही त्यांची यादी आहे त्यात, आणि कोड त्या यादीत आहे.

कुंभार्ली_घाट :
म्हैस परत मिळेल का त्यात?

काळा_कोट :
मुदत संपली हो सर :)

गुलकंद :
लग्नाआधी सांगायचं म्हणजे पहिल्याच फोनला का? पोह्यांपर्यंत पण पोचणार नाही मग कोणी.

स्पष्टवक्ती :
नाही पोचले तर पोहे वाचले. मी दुसऱ्या भेटीत सांगते. तिघे पळाले, चौथ्याबरोबर डिसेंबरात लग्न आहे. त्याचा पहिला प्रश्न होता, "उन्हात जळजळ होते का?" बास, मला तेवढं पुरलं.

कोलंबी_भात :
अभिनंदन!! मेनूत मासे आणि बासुंदी दोन्ही ठेवा, आजोबांना आमंत्रण द्या.

आजोबा_ठाणेकर :
येईन. मासे खाईन, बासुंदी बांधून द्या.

मृगजळ :
चिंचगुळ, पुण्यातच आहे भाची तर श्वेता असोसिएशन माहीत आहे का? डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली, त्यांना स्वतःला कोड आहे. कोड असलेले लोक एकत्र भेटतात तिथे. माझ्या चुलतबहिणीला तिथे जाऊन खूप फरक पडला, ती म्हणते खोलीभर लोकांमध्ये पहिल्यांदाच कोणी आपल्याकडे बघत नव्हतं.

गुलकंद :
सगळे कोडवालेच एकत्र बसवायचे म्हणजे वेगळी वस्ती केल्यासारखं नाही का होत?

रेवाकाठ :
तिथे कोणी राहायला जात नाही, दोन तास बसून घरी येतात. आपल्यासारखं दुसरं माणूस नोकरी करतं, भांडतं, प्रेमात पडतं हे डोळ्याने बघितलं की जे होतं ते मी माझ्या खुर्चीत बसून करू शकत नाही.

चिंचगुळ :
डॉक्टर, अजून एक. वन्स म्हणतात ढोल सोडला ते बरंच झालं, घासून डाग वाढतात म्हणे. खरं आहे का?

त्वचेचा_वैद्य :
अर्धवट खरं. आजार वाढत असताना जिथे सतत घासतं, खरचटतं तिथे नवा डाग येऊ शकतो, त्याला कोबनर म्हणतात. म्हणून घट्ट इलॅस्टिक, खरखरीत दगडाने घासणं टाळा सांगतो. पण त्यासाठी ढोल सोडायची गरज नाही. पट्ट्याखाली जाड रुमाल, हातात मोजे, बोटांना टेप. तिने ढोल घासण्यामुळे सोडला की लोकांमुळे हे तिला विचारा.
आणि एक काम करा. डीएलक्यूआय नावाची दहा प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे, कार्डिफच्या डॉक्टरांनी १९९४ ला केलेली, आम्ही ओपीडीत वापरतो. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे किती ओशाळल्यासारखं झालं, कपडे निवडताना फरक पडला का, लोकांत मिसळणं, खेळ, अभ्यास असे प्रश्न. एकूण ३० पैकी गुण, ११ किंवा त्याहून जास्त आले की आयुष्यावर फार मोठा परिणाम असं धरतात. तिच्या डॉक्टरांनाच मागा. आकडा समोर असला की घरचे ऐकतात, असा माझा अनुभव.

शिरपूरकर :
नवीन क्रीम आलंय म्हणतात अमेरिकेत, त्याचं काय?

त्वचेचा_वैद्य :
रक्सोलिटिनिब. तिथे जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली, १२ वर्षांवरच्यांसाठी. चाचण्यांत २४ आठवड्यांनी साधारण ३० टक्के लोकांचा चेहऱ्यावरचा रंग पाऊण किंवा त्याहून जास्त परत आला. म्हणजे चांगलं आहे, जादू नाही. आपल्याकडे त्याच जातीचं टोफासिटिनिब काही डॉक्टर वापरतात. स्वतःच्या मनाने ऑनलाइन मागवू नका. डाग किमान वर्षभर जागच्या जागी थांबला असेल तर त्वचारोपण, पेशीरोपण असे शस्त्रक्रियेचे पर्यायही आहेत, पण थांबलेला नसताना केलं तर पैसे पाण्यात.
लाइट थेरपीचा निकाल तीन महिन्यांच्या आत काढू नका. बहुतेक लोक दोन महिन्यांत कंटाळून सोडतात, आणि का सोडतात, तर मन खचलेलं असतं म्हणून. आठवड्यातून दोनतीनदा उठून क्लिनिकला जायला उभारी लागते. म्हणजे मनाचा इलाज केला नाही तर कातडीचाही अर्ध्यात राहतो, हे वन्सना सांगून बघा.

चिंचगुळ :
बरेच दिवसांनी येतेय, गौरी-गणपतीत अडकले होते.
थायरॉइड निघालं, गोळी सुरू झाली. डॉक्टरांकडून तो प्रश्नांचा कागद घेतला. भाचीने माझ्यासमोरच भरला, १९ आले. तिचे डाग सगळे मिळून तळहाताएवढेसुद्धा नाहीत. कागद वन्सनी वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला. मला वाटलं आता भांडण होणार. तर म्हणाल्या, "फी किती असते त्या लोकांची?"
तर आता फी किती असते ते सांगा लोकहो.

पावशेर :
वन्स जिंदाबाद. माझ्या आईसाहेबांनी पण हेच विचारलं असतं.

रेवाकाठ :
खाजगीत शहर आणि अनुभव यावर आहे, पहिल्या फोनलाच विचारा, लाजू नका. परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग असतो, पुण्यात ससूनला आहे, केसपेपरच्या पैशात काम होतं, फक्त रांग असते. फोनवर सुरुवात करायची तर १४४१६, टेलीमानस, केंद्र सरकारची हेल्पलाइन, फुकट आणि चोवीस तास, मराठीत बोलता येतं.
पहिल्या भेटीत विचारा की त्वचेच्या आजाराचे लोक आधी बघितलेत का आणि सीबीटी करता का. "सकारात्मक विचार कर" एवढंच सांगून परत पाठवलं तर दुसरीकडे जा. आणि झोप अजिबात नाही, जेवण तुटलं, "मी नसले तर बरं" असं काही बोलली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. काही महिने गोळी लागली तर लागली, थायरॉइडची चालते तशी ही पण.

चिंचगुळ :
तसं काही बोललेली नाही, पण लक्ष ठेवते. मंगळवारची वेळ घेतलीय. वन्स बरोबर येणार म्हणतायत, भाची म्हणते मामीच पाहिजे. ते आमचं आम्ही बघू :)

शिरपूरकर :
माझा मुलगा चौथीत आहे, कपाळावर आणि गुडघ्यावर डाग आहेत. बाईंनी त्याला वेगळ्या बाकावर बसवलंय, इतर पालकांनी तक्रार केली म्हणे. पोरगं आता शाळेत जाताना रोज पोट दुखतं म्हणतं. म्हणून त्या क्रीमचं विचारत होतो. काय करू? शाळा बदलू का?

कुंभार्ली_घाट :
आत्ताच बदलू नका, नव्या शाळेतही पालक असतातच. मी शिक्षक म्हणून सांगतो काय चालतं. त्वचेच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या की हा आजार संसर्गजन्य नाही, वेगळं बसवायचं कारण नाही. ते पत्र बाईंना नाही, मुख्याध्यापकांना द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. भांडायला जाऊ नका, पालकसभा कधी आहे विचारा आणि तिथे डॉक्टरांना किंवा मला दहा मिनिटं बोलू द्या म्हणा. मुलाला आधी विचारा मात्र, त्याच्यासमोर बोललेलं चालेल की तो वर्गात नसताना, काही पोरांना समोर नको असतं.
शिरपूरला येणं लांब पडेल, पण व्हिडिओ कॉलवर तुमच्या मुलाशी बोलायला मी तयार आहे. रविवारी दुपारी मोकळा असतो. व्यनि (खाजगी निरोप) करा.

शिरपूरकर :
केला सर.